कवडीच्या पोटातला भात

गिरजा, कवडीच्या पोटातला तो भात मी घातला होता.

झालं. लिहून टाकलं. चार वर्षं हे एवढंसं वाक्य माझ्या घशात अडकून होतं, आणि तू होतीस तोवर ते काही बाहेर पडलं नाही. तुझी तेरवी होऊन आज चौथा दिवस. लेक परत आलापल्लीला सासरी गेली. घरात मी आणि कवडी, दोघंच. मी चौथी शिकलेला माणूस. ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर होतो, पण रजिस्टरात 'बैल एक, खूर पिकले, धुऊन औषध लावले' याच्या पलीकडे कधी लिहिलं नाही. आज लांब लिहायला बसलो आहे. चुकलं तर हसू नको. हसशीलच म्हणा, तुला कोण अडवणार.

भात कोणी घातला ते तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी आपण दोघं एका चुलीपुढे बसून चार वर्षं गप्प. तू गप्प, म्हणजे या विषयापुरती. बाकी तुझं तोंड कधी बंद होतं?

पहिल्यापासून सांगतो. तू म्हणशील, मले काऊन सांगता जी, मी काय तिथी नव्हती? होतीस. पण डॉक्टरांनी तुला बाहेर काढलं होतं. आतली अर्धी गोष्ट तू पाहिलीच नाहीस, ती मी तुला कधी सांगितलीही नाही.

कवडीला तू माहेराहून आणलंस. नागभीडकडच्या तुझ्या माहेरी तलावाच्या पाळीवर ती सापडली, आणि तू तिला माशांच्या टोपलीत घालून आणलंस. वर ओला फडका. मी म्हटलं, मासे आणले का? तू म्हणालीस, "हाव, भुंकनारे." पांढरी, अंगावर कवडीएवढे काळे ठिपके. आठ दिवसांत ती तुझ्यासारखीच झाली. पाहुणा आला की आधी ओरडायचं, मग पायाशी जाऊन बसायचं.

दुखणं सुरू झालं ते ती वयात आल्यावर. दर हिवाळ्यात पिल्लं, आणि दर हिवाळ्यात बिबट. पहिल्या वर्षी पाच पिल्लांतली चार गेली. दुसऱ्या वर्षी सगळीच. तू गोठ्याच्या दाराला काट्या लावल्यास, बाभळीच्या फांद्या रचल्यास, दिवेलागणीला डबा वाजवत बसलीस, तरी नेलीच. तिसऱ्या वर्षी ती माजावर आली तशी गावातले सारे कुत्रे आपल्या अंगणात गोळा झाले, आणि त्या गोंधळावर बिबट आला. त्यानं पाटलाचा शेरू उचलला. दुसऱ्या दिवशी पाटील दारात उभा.

"गिरजाबाई, तुह्या कुत्रीपायी गावचे कुत्रे तुह्या आंगनात, आन कुत्र्यापायी बिबट गावात. माहा शेरू गेला. आता का मानूस जाची वाट पाह्यतं?"

तू पदर खोचलास. मी मनात म्हटलं, गेला आता पाटील.

"पाटीलभाऊ, तुमचा शेरू माह्या आंगनात भजन आयकाले नव्हता आला!"

पाटलाच्या मागचे चार लोक हसले, आणि तेच महागात पडलं. पाटील म्हणाला, आठ दिवसांत कुत्रीला दूर जंगलात सोडा, नाही तर मी भाकरीत घालून काय द्यायचं ते देतो. आणि तो देणारा माणूस होता.

त्या दिवशी तू जेवली नाहीस. सांजेला मला म्हणालीस, "तुमी बैलाईले खच्ची कराले चिमटा लावता. इचं काई होत नाई का जी?"

"बैलाचं बाहेर असते. इचं आत हाये. पोट उघडा लागते."

"त उघडा."

"अवं, मरन ते!"

"कशानं मरन? उघडल्यानं, का झोपवल्यानं?"

गिरजा, शाळेची पायरीही न चढलेल्या बाईनं हा प्रश्न कसा विचारला, मला अजून कळलं नाही. डॉक्टर लोक या प्रश्नावर पुस्तकं लिहितात म्हणे. मी तुझ्यावर खेकसलो आणि उठून गेलो. कारण उत्तर मला येत होतं.

बदलीच्या आधीच्या गावी एका शिकारी साहेबाचा कुत्रा आला होता. थोराड, नर, बाहेरचंच काम. जुन्या डॉक्टरांनी मला क्लोरोफॉर्म धरायला सांगितलं. टॉवेलची गुंडाळी, त्यावर क्लोरोफॉर्म, आणि कुत्र्याचं तोंड त्यात. चार जण धरायला. कुत्रा तडफडला, ओरडला, मग एक मोठा श्वास घेतला आणि संपला. चाकू अजून पाण्यातच उकळत होता. मी घरी येऊन तुला सांगितलं, कुत्रा तापानं गेला. तापानं नाही, माझ्या हातानं गेला. पण मी मनाची समजूत काय घातली होती माहीत आहे? की माझा हात आखडला म्हणून तो गेला. दाबून एकदम दिलं असतं तर शांत झोपला असता. दहा वर्षं मी हेच धरून बसलो. मूर्ख माणूस एकदा चुकतो, मग त्या चुकीचा वकील होतो.

तर दुसऱ्या दिवशी तू माझ्याआधी दवाखान्यात हजर. आपले डॉक्टर तेव्हा नवे. मुंबईला शिकून आलेले, डोळ्यांवर चष्मा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आपल्या गावच्या चिखलात! तू ओट्यावर बसकण मारलीस आणि सगळी कथा सांगितलीस. पाटलाची नक्कलही केलीस. डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "मी कॉलेजात कुत्र्या केल्या आहेत, बाई. इथं कोणी केलेली नाही. पोट उघडायचं मला भय नाही. झोपेचं आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सायेब, क्लोरोफॉर्म हाये ना. माह्या हातची सवय हाये. दोन मिनिटात काम."

डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि बाटल्या एकेक करून टेबलावर तुझ्यापुढे ठेवल्या. माझ्यापुढे नाही, तुझ्यापुढे! मी तीस वर्षं नोकरी केलेला माणूस आणि विचार तुझ्याशी.

"हा क्लोरोफॉर्म. झोपवतो लवकर, पण कुत्र्याचं काळीज याच्यानं दबतं. त्यात कुत्रा घाबरून झटापट करत असला तर एका श्वासात खेळ संपतो." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. माझे कान मात्र तापले. "ही शिरेत द्यायची सुई. झोप छान लागते. पण एकदा आत गेली की परत काढता येत नाही. तुमची कुत्री वाळलेली, अंगात चरबी नाही, आणि दिवस थंडीचे. ती कधी उठेल सांगता येत नाही. आणि हा इथर. हा सांभाळून नेतो. पण नुसता हाच द्यायचा तर फार लागतो. कुत्री ठसकते, लाळ गाळते, झुंजते."

"मंग?" तू म्हणालीस.

"म्हणून एक नाही, मिळून द्यायचं. आधी कातडीखाली मॉर्फिनची सुई, त्यात लाळ आटवायला अ‍ॅट्रोपीन. अर्ध्या तासात ती आपणहून पेंगते. मग वरून इथर, थोडाच."

मी म्हटलं, "सायेब, तीन तीन औषधं पोटात? एकानं नाई मेली त तिघाईनं मरन."

आणि तू! तू मांडीवर हात मारलास.

"नाई जी! डॉक्टरसायेब, माहा बाप उनाळ्यात डोहात मासे गुंगवे. नुस्तं गेळफळ कुटून टाकलं त टोपलीभर लागे. मंग लहान मोठे सारेच मरे, पानी बी नासे. त बाप गेळफळ अर्धं घे आन एका झाडाची साल अर्धी. मासे नुस्ते उताने होत. पायजे ते धरा. बाकीचे चांगल्या पान्यात गेले का पळाले."

डॉक्टर तुझ्याकडे पाहतच राहिले. "बाई, हे समजायला मला कॉलेजात वर्ष लागलं."

मी चिडलो. "मासा आन कुत्री एक हाये का?"

"गुंगी त एकच हाये ना जी!"

तिथंच माझा पराभव झाला. मी तो त्या दिवशी मानला नाही. नंतरही कधी भांडण निघालं की मी म्हणायचो, क्लोरोफॉर्मनं बी झालंच असतं. आज मानतो. तू खरी होतीस, डॉक्टर खरे होते, तुझा बाप खरा होता. मी एकटा खोटा.

तोंडाला लावायला कुत्र्याच्या मापाचं काही दवाखान्यात नव्हतं. तू म्हणालीस, किती मोठं पाहिजे? कवडीचं थोबाड मुठीत धरून माप घेतलंस आणि घरी येऊन बांबूच्या कामट्या चिरायला बसलीस. मासे धरायच्या सापळ्याचं तोंड विणतात तसं विणलंस. एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळतं, कडेला कापडाची गोट, कवडीला टोचू नये म्हणून. कामट्या विणताना तू गुणगुणत होतीस. मी बाजूला बसून बिडी ओढत होतो आणि मनात म्हणत होतो, ही बाई कुत्रीची टोपी विणून राह्यली, आणि कुत्री परवा मरणार आहे.

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. दाणा नाही. हे तुला सांगायचं काम माझं. मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. "एक शीत जरी टाकलंस तर याद राख! कुत्रीला बेशुद्धीत उलटी होते, ती नरड्यात जाते, आन खतम!" तू म्हणालीस, "मी काय येडी हाये का?" तू वेडी नव्हतीस. तू तिचं भांडं पालथं घालून त्यावर दगड ठेवलास.

पहाटे मी उठलो. तू तलावावर गेली होतीस. कवडी चुलीपाशी आली आणि नुसती बसली. भुंकली नाही, मागितलं नाही. मला वाटलं, हिला आज मरायचं आहे आणि ही उपाशी आहे. आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला उपाशी धाडत नाहीत, गिरजा. मेलेल्याच्यासुद्धा तोंडात घास देतात. मी तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केली, हजार माणसांना सांगितलं ढोर उपाशी आणा, आणि त्या पहाटे हे सगळं कुठं गेलं काय माहीत. शिंक्यावर माझा रातचा भात होता, तू माझ्यासाठी ठेवलेला, सुके झिंगे घातलेला. तो सगळा मी तिच्यापुढे ठेवला. तिनं दोन मिनिटांत साफ केला. मग माझ्या हाताला लागलेलंही चाटलं. मी भांडं धुऊन पालथं घातलं आणि त्यावर तुझा दगड ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

मी म्हटलं, "हाव."

त्यांनी कातडीखाली सुई दिली. तू कवडीचं डोकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलीस. डॉक्टर समोर उकिडवे बसून तिच्या डोळ्यांत बघत होते. आणि पाच-सात मिनिटांत कवडीचं पोट खालीवर हललं, तिनं मान लांब केली, आणि सगळं बाहेर. भात. झिंगे. सगळं डॉक्टरांच्या पांढऱ्या बुटांवर.

गिरजा, ते झिंगे असे स्वच्छ दिसत होते, जणू आताच बाजारातून आणले. एकेक ओळखू येत होता.

डॉक्टर उठले. शांत माणूस, पण तोंड लाल झालं. "कोणी खायला घातलं हिला? मॉर्फिननं उलटी होते म्हणून बरं. गुंगीच्या आधीच पोट रिकामं झालं ते त्यामुळं. सरळ क्लोरोफॉर्म लावला असता तर हे सगळं हिच्या श्वासनळीत गेलं असतं, आणि कुत्री इथंच मेली असती! सोमाजी, दवाखान्याच्या माणसानं हे केलं असेल तर मी आज रिपोर्ट लिहीन."

माझ्या नोकरीचे तीन महिने उरले होते. माझ्या हातात तुझी विणलेली टोपी होती. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं.

"म्या देल्लं, सायेब," तू म्हणालीस.

डॉक्टर तुला बोलले. खूप बोलले. "एवढं सांगून! माशांच्या गुंगीच्या गोष्टी सांगता आणि एवढं कळत नाही?" तू मान खाली घातलीस, पदर पुढे ओढलास. अशी मान खाली घातलेली मी तुला लग्नातही पाहिली नव्हती. मी उभा होतो.

मग त्यांनी तुला बाहेर काढलं. आता पुढचं तू न पाहिलेलं.

कवडी पेंगली. पोट आणखी एकदा हललं, पण काही निघालं नाही. डॉक्टरांनी पुरतं थांबून खात्री केली. चिमटे-चाकू उकळायचा स्टोव्ह बाहेर नेऊन विझवला, कारण इथर भसकन पेट घेतो. माझ्या खिशातली बिडी-काडेपेटीसुद्धा काढून घेतली. मग कवडीला टेबलावर घेतलं. धरायला कोणी लागलं नाही! ती आपणहून कलंडली. मी टोपी तिच्या तोंडावर ठेवली, वर जाळीचं कापड, आणि थेंब थेंब सोडायला लागलो. डॉक्टर म्हणाले, "सोमाजी, पापणी बघा. बोट लावलं की हलते तोवर थेंब. थांबली की तुम्हीही थांबा." मी बोट लावलं. हलली. आणखी थोडे थेंब. हलली, पण कमी. मग हलली नाही.

मी वाट पाहत होतो तडफडण्याची, त्या मोठ्या श्वासाची. तो आलाच नाही. ती झोपली होती गिरजा, झोपली! तू जेवून उन्हात झोपायचीस तशी, तोंड थोडं उघडं. डॉक्टरांनी पोट उघडलं. मी हिरड्या बघत होतो, गुलाबी. एकदा जरा फिक्या पडल्या. मी टोपी उचलली, वारा जाऊ दिला, आणि बाहेरून खिडकीच्या गजांतून तुझा आवाज आला, "ए कवडे, श्वास घे व! झोपून का राह्यली नुस्ती!" डॉक्टर हसले. "बाई, तिला झोपायलाच आणलं आहे." हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या. मी मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी नंतर सांगितलं की इथरनं आलं. इथरनं नव्हतं.

शेवटचा टाका पडला तेव्हा मी बाटली उजेडात धरून पाहिली. पाव बाटलीही गेली नव्हती. सुईनं अर्धं काम केलं, इथरनं अर्धं. तुझ्या बापाचा डोह.

दुपारी ती उठली. मोहाची पिऊन येणाऱ्या माणसासारखी चालली, चार पावलं इकडे, दोन तिकडे, आणि भिंतीला डोकं लावून उभी राहिली. तू हसून हसून खाली बसलीस. घरी नेताना आपण तिला पोत्याच्या झोळीत घेतलं, तू पुढे, मी मागे. वाटेत तू एवढंच म्हणालीस, मागे न बघता, "झिंगे जरा खारटच झाले होते ना जी?"

मी म्हटलं, "मले काय मालूम."

तू मागे वळलीसुद्धा नाहीस. पण तुझी पाठ हसत होती.

मग काय गाव लोटलं! बाया टाके बघायला यायच्या. शेजारची राधाबाई, तिला सात लेकरं, ती डॉक्टरांनाच म्हणाली, "सायेब, आमच्या घरच्या बुवाले बी त्या टेबलावर घ्या ना. भात मी नाई घालत, शपथ!" डॉक्टर लाजून आत पळाले. पाटीलही आला. कवडी दारात शांत पडलेली, अंगणात एक कुत्रा नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "माह्या घरच्या कुत्रीचं बी पाह्य ना, सोमा." मी म्हटलं, "मी कोन पाह्यनार? बाईले पुसा." आणि तू त्याला चांगलं अर्धा तास उभं ठेवलंस.

पुढच्या वर्षांत डॉक्टरांनी अशी कितीतरी कुत्री केली. मी नोकरीतून सुटलो तरी इथर धरायला मला बोलवायचे. आणि दर वेळी कुत्रं आणणाऱ्याला ते सांगायचे, "उपाशी आणा हं. गिरजाबाईसारखं करू नका. त्या बाईनं भात घातला होता." चार वर्षं तुझं नाव त्या दवाखान्यात चुकीचा दाखला म्हणून चाललं. चिमूरकडून आलेल्या माणसांनासुद्धा तेच ऐकवलं. तू कानांनी ऐकायचीस आणि हसायचीस. झिंग्याचा भात केलास की माझ्या ताटात वाढताना हात थांबवायचीस, "हे तुमचं, का कवडीचं?" मी खाली मान घालून जेवायचो. एवढं सोपं होतं बोलणं. ताटावरच बोलता आलं असतं. तू मला दर वेळी दार उघडून द्यायचीस, आणि मी दारात उभा राहून परत फिरायचो. पहिल्या वर्षी पेन्शनचं भय होतं, तेही खोटंच होतं. नंतर तर नुसती अकड.

आता ऐक. काल मी दवाखान्यात गेलो. ओट्यावर एक परगावचा माणूस कुत्रा घेऊन बसला होता. डॉक्टर त्याला सांगत होते, "उद्या उपाशी आणा. आमच्या गावात एका बाईनं..." तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि थांबले. हात जोडले. "माफ करा, सोमाजी. सवयीनं तोंडात आलं."

मी म्हटलं, "थांबू नका, सायेब. पूर्न सांगा. फक्त बाई नका म्हनू. भात मीनं घातला होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. "तुम्ही? तुम्ही ड्रेसर!"

"हाव. आन तिनं माह्यावरचं आपल्यावर घेतलं. मी चूप राह्यलो."

"का चूप राहिलात?"

"भेलो."

मग डॉक्टर म्हणाले, "मी त्या बाईंना काय काय बोललो त्या दिवशी." मी म्हटलं, "तिले तुमचा राग नव्हता. बुटाचं वाईट वाटलं तिले." तेव्हा ते हसले, आणि मी हसलो, आणि तो परगावचा माणूस, ज्याला काही माहीत नव्हतं, तोही हसायला लागला. तुझ्यामागं मी हसलो ते पहिल्यांदा. बरं वाटलं. लाजही वाटली नाही.

येताना राधाबाईच्या दारात थांबून तिलाही सांगितलं. म्हटलं, सगळ्या गावाला कळू दे. ती धान पाखडत होती. सूप थांबवलंसुद्धा नाही तिनं. "अजी, हे का नवीन सांगून राह्यले? आमाले बायाईले तवाच मालूम. गिरजाबाई कुत्रीले झिंगे घालन? तिनं सख्ख्या भावाले नाई वाढले कदी पोटभर!"

म्हणजे सारं गाव जाणून होतं. लपून बसलो होतो तो मी एकटा, आणि तेही उघड्या मैदानात.

आज सकाळी डॉक्टरांनी बोलावलं, कालच्या कुत्र्यासाठी. म्हणाले, इथर तुमच्या हातानं बरा पडतो. गेलो. टोपी तीच, तुझी. डॉक्टर सुई भरत होते. मी त्या माणसापुढे बसलो. डॉक्टरांनी त्याला नवी गोष्ट ऐकवलीच होती, गावच्या ड्रेसरनं स्वतः भात घातल्याची. मी विचारलं, "खरं सांग भाऊ. काई देल्लं का?"

तो म्हणाला, "नाई जी."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुत्र्याकडे नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"अर्धी भाकर," तो म्हणाला. "लहानशी होती. लय केविलवाना पाह्ये जी माह्याकडे."

गिरजा, तुझ्या नावानं चार वर्षं गोष्ट सांगितली, एकानंही कबूल केलं नाही. उलटी झाली की सगळे बायकोकडे बोट दाखवायचे. माझ्या नावानं पहिल्याच दिवशी एक कबूल झाला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. रागावले नाहीत. "उद्या आणा," म्हणाले.

मी त्या माणसाबरोबर रस्त्यापर्यंत गेलो. त्याचा कुत्रा पुढे पुढे उड्या मारत चालला होता, पोटात अर्धी भाकर घेऊन.